दोन डाव्या बाह्या

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. गुंड्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बराच असशील, तुझ्या फोटोंवरून तरी तसं दिसतं.

दोन रविवार मी तुझा फोन उचलला नाही. मग तुझा मेसेज आला, "काय गं, रागावलीस का? बाबांचं काय नवीन?" त्याचं उत्तर कागदावर देते आहे. फोनवर बोलले असते तर ते पुढच्या आठवड्यात कुठे वाचायला मिळालं असतं ते सांगता येत नाही. या पत्राचाही फोटो काढू नकोस.

नवीन म्हणशील तर दुकानाच्या पाटीला रंग दिला. मोठ्या मशीनचा पट्टा बदलला. खालचा चावीवाला जागा सोडून गेला, तिथे आता पंप दुरुस्त करणारा आला आहे आणि दिवसभर खडखडाट असतो. बाबा त्या खडखडाटातही दुपारी झोपतात. त्यांना दुपारच्या झोपेची सवय नव्हती हे तुलाही आठवत असेल. पण काम नसल्यावर माणूस करणार काय?

काम का नाही, ते सांगायला बसले आहे आणि पाटीच्या रंगाबद्दल लिहिते आहे. असो.

वकीलबाई त्यांचा काळा कोट न्यायला आल्या होत्या. कोट तयार नव्हता, नुसत्या बाह्या टाचलेल्या होत्या, तरी त्यांनी तसाच पिशवीत घातला. बाबांना मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "काका, आता आराम करा. मला सगळं कळलंय." बहिऱ्याशी बोलावं तसं. मी त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी फोन काढून मला तुझी पोस्ट दाखवली. वाईट बाई नाही ती. तिचे डोळे भरून आले होते. "घरच्यांनी इतकं मोकळेपणी लिहायचं म्हणजे धाडस लागतं," म्हणाली. तिला वाटलं, आम्ही सगळ्यांनी बसून ठरवून लिहिलं आहे.

तुझी ती नोकरी-धंद्याची साइट मी कधी बघितली नव्हती. मला वाटायचं, तिथे माणसं एकमेकांना बढतीच्या शुभेच्छा देतात. पण आपली गिऱ्हाइकं म्हणजे वकील, बँकेतले साहेब, कोट घालणारी माणसं, ती सगळी तिथेच बसलेली असतात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुझ्या तर यायलाच हवं होतं. लोकांना गिऱ्हाइकं कशी मिळवायची ते शिकवतोस ना तू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पोस्ट मला आता पाठ झाली आहे. "काल माझ्या वडिलांनी एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. मी शेजारी उभा होतो. मी काहीच बोललो नाही. मी फक्त त्यांचा हात धरला."

गुंड्या, शेजारी मी उभी होते.

आधी मला हसू आलं होतं, तेही तुला सांगितलं होतं मी. पॅटर्न उलटवायचा राहिला, दोन डाव्या बाह्या निघाल्या, नवशिक्याची चूक. मग बाबांचा चेहरा बघितला आणि हात धरला. उरलेल्या कापडातून उजवी बाही कशीबशी काढली, आतून एक जोड दिला. बाबा म्हणाले, "हे या टेबलाच्या बाहेर जायला नको." मी बरं म्हटलं आणि रविवारी तुला सांगितलं. तू परका थोडाच होतास.

किती हळवा आवाज केला होतास तू. "मग बाबा काय म्हणाले? मग तू काय केलंस? कापड कुठल्या रंगाचं होतं?" वकिलाचा कोट काळाच असतो, रंग कशाला विचारतो आहे हा, असं क्षणभर वाटलं होतं. मग म्हटलं, इतकी वर्षं लांब राहिलेला पोरगा, त्याला सगळं डोळ्यांसमोर आणायचं असेल. फोन ठेवल्यावर मी सुखाने रडले. आपण आता दोघं आहोत असं वाटलं.

त्या जिन्यावरच मी तुझ्या मागच्या पोस्टही बघितल्या. वकीलबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपला एकही रविवार तू वाया घालवला नाहीस. एक खांदा उतरलेल्या साहेबांना न सांगता बाबा कोटाला आतून कापसाची गादी भरतात, ते तिथे होतं. रागावलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी आरशासमोर उभं करतात, तेही होतं. सगळं "बाबांनी मला शिकवलं" म्हणून. तुला बाबांनी काय शिकवलं? तू तर सुईत दोरा ओवायला सांगितलं की पळून जायचास.

हेही मी सोडून दिलं असतं. भावाने बहिणीच्या तोंडच्या गोष्टी आपल्या म्हणून सांगितल्या, जाऊ दे, गोष्टीच त्या. पण बाह्यांच्या पोस्टच्या तळाशी तू लिहिलं आहेस, "'विश्वासातून ग्राहक' ही माझी मोफत पुस्तिका हवी असेल तर खाली 'बाबा' असं लिहा." आणि खाली ओळीने लोकांनी लिहिलं आहे. बाबा. बाबा. बाबा. मी अंगठ्याने वर सरकवत राहिले, संपेच ना.

त्याच्या पुढची पोस्ट तर धडाच होता. एका पोस्टमधून इतके लीड कसे आले, याचा. लीड म्हणजे उद्या गिऱ्हाईक होऊ शकेल असा माणूस, हे मला तिथेच कळलं. पहिली ओळ दुखरी असावी म्हणे. वाक्यं छोटी असावीत. एखादी खरी वाटणारी बारीक गोष्ट घालावी, जसा कापडाचा रंग. आणि फोटोत चेहरा नको, हात घ्या, हातांवर लोक थांबतात.

मला तू म्हणाला होतास, "ताई, बाबांच्या हातांचा एक फोटो पाठव ना. चेहरा नको, नुसते हात." मी त्यांची नखं कापली होती त्या फोटोसाठी. खिडकीजवळ बसवलं, बोटात अंगुस्तान घालायला लावलं. म्हटलं, पोराला बापाच्या हातांची आठवण येते आहे.

केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार आपण शाळेत वाक्यात उपयोग करून लिहायचो. आता मला वाक्य शोधावं लागणार नाही.

तुझ्या सगळ्या पोस्टमध्ये एक गोष्ट मात्र सापडली नाही. तू कोटाचं बटण गिळलंस आणि ती गुंडी बाहेर पडेपर्यंत सगळं घर तुझ्यामागे फिरत होतं, ज्यावरून तुझं नाव गुंड्या पडलं, ती. चांगली हसरी गोष्ट आहे आणि तुझी स्वतःची आहे. ती का नाही घातलीस? स्वतःची झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बापाची उघडून बाजारात?

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

जिन्यावरून मी आत आले तेव्हा बाबा कटिंगच्या टेबलाजवळ तसेच उभे होते. त्यांनी विचारलं, "हिला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

त्यांना तुझं नाव सांगता आलं नाही मला. रविवारी तुझा फोन यायचा म्हणून ते सकाळीच दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालतात. फोनवर कोण बघतं, असं मी चिडवायचे, तर म्हणायचे, आवाजात कळतं. त्या माणसाला काय सांगू? म्हटलं, माझ्यावर घ्यावं, संध्याकाळपर्यंत विसरून जातील. सगळं विसरतातच की. जेवले की नाही ते विसरतात, पंपवाल्याला अजून चावीवाला समजतात. पण हे विसरत नाहीत. रोज सकाळी उठल्यावर त्यांना पहिलं हेच आठवतं.

त्यांनी मोठी कात्री खणात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात घातली आहे. मला माप घेऊ देत नाहीत. मी आत गेले की बोलणं थांबवतात. परवा पंपवाल्याला सांगत होते, "पोरगी चांगली आहे, पण घरातलं बाहेर नेते." मी पडद्यामागे काज करत होते. एवढी वर्षं ज्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिवलं, त्याच्या लेखी मी आता चहाडखोर आहे. दुकान गेलं तर मी कुठेतरी शिवणकाम करून पोट भरेन रे. हे नाही सोसवत.

एकेक गिऱ्हाईक येऊन गोड बोलून कापड परत नेतं. घाई नाही, पुढे बघू, तब्येतीला जपा. बाबा सगळ्यांना जपून घडी घालून देतात.

फक्त एक काम चालू आहे, तुझा कोट. तुला स्टेजवर बोलायचं असतं म्हणून ठेवणीतलं राखाडी कापड काढलं आहे. मापं तू नोकरीला लागलास तेव्हाची, त्यांची तोंडपाठ. आता तू त्यात मावणार नाहीस हे मी सांगितलं नाही, माझं ऐकणार कोण? कोटावर चादर घालून ठेवतात. बाह्या कशा निघाल्या आहेत ते मला माहीत नाही, मला बघू देत नाहीत.

तुझी माफी नको मला. ती तू छान लिहिशील आणि लोक तिच्यावरही थांबतील. ती पोस्ट काढून टाकलीस तरी वाचलेलं लोकांच्या डोक्यातून जाणार नाही.

ट्रायलला ये. फोन खाली पंपवाल्याकडे ठेव. आरशासमोर उभा राहा, बाबा टाचण्या लावतील, हलू नकोस. आणि बाह्या दोन्ही डाव्या निघाल्या तर काहीच बोलू नकोस. फक्त त्यांचा हात धर, तू लिहिलं होतंस तसा. मग त्यांना सांग, कोणी सांगितलं ते.

तुझ्या एकाही पोस्टमध्ये नसलेली,
ताई