गुरुवारच्या तासापुढचं नाव

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा संशय काही जात नाही. मेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात. मी तर तुम्ही समोर बसलेले असतानाही घेत होतो, तेव्हा सवय चालू आहे इतकंच म्हणा.

धुळ्याच्या कॉलेजात आम्ही सहा पोरांनी आपला आपण एक विषय काढला होता, खानदेशातले आठवडे बाजार. पुस्तक नाही, परीक्षा नाही, ज्याला जे ठाऊक ते त्याने फळ्यापुढे उभं राहून शिकवायचं. आग्रा रोडवरच्या मारवाडी दुकानदाराचा मुलगा बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा ठरतो ते शिकवायचा, आणि पहिल्याच दिवशी त्याने माझी बोटं अशी दाबली की मी न मागता बैल घेऊन बसलो. मी इंटरला दोनदा आपटलेला, पण पहूरपासून दोंडाईच्यापर्यंत बाजार एक सोडलेला नाही. म्हणून गावोगावचे बाजार माझ्याकडे. तुम्ही अर्थशास्त्राचे. खोली मागायला आलो तर तुम्ही लगेच हो म्हणालात, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या सहज कोण काय देतं? तुम्ही शेवटच्या बाकावर बसायचात, लांब पाय बाहेर काढून, आणि आम्ही बोलत असताना काहीतरी लिहून घ्यायचात. मी शिकवताना निम्मं लक्ष तुमच्या पेनाकडे.

तास संपला की नाना शिपाई रजिस्टर आणायचा आणि तुम्ही सही करायचात. एकदा मी मान लांब करून पाहिलं. विषय आमचा, आणि ‘शिकवणार’ या रकान्यात तुमचं नाव. दर आठवड्याला तुमचंच. मी व्हरांड्यात तुम्हाला गाठलं.

“सर, बोलतो आम्ही आणि नाव तुमचं?”

“प्राचार्यांनी परवानगी माझ्या नावावर दिलीय. पोरं शिकवतात असं कागदावर आलं की खोली गेली.”

“हे तुम्ही सांगता म्हणून.”

तुम्ही धोतराच्या सोग्याला हातावरचा खडू पुसलात. “तुला सगळ्यांची शंका येते रे. स्वतःची कधीच येत नाही?” मग म्हणालात, “गुरुवारी दोंडाईच्याच्या मिरचीबाजारावर तू आहेस ना? तुझं नाव लिहितो.” आणि रंगीत खडूंची नवी पेटी माझ्या हातात दिलीत. मी ती घेतली, पण आत खडू पूर्ण आहेत का ते बघूनच.

बुधवारी सकाळच्या एस.टी.ने मी दोंडाईच्याला गेलो. चांगली मिरची देठावरून ओळखतात म्हणे, ते नीट विचारून चार नमुने आणायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फिरवायचे, एवढंच काम. स्टेशनाजवळ बैलांच्या घुंगरमाळा विकणारा एक म्हातारा भेटला. प्रत्येक माळेचा आवाज वेगळा का, ते तो सांगत होता, सांगता सांगता जळगावच्या गाडीत चढला, आणि मीही चढलो. परतलो तो शनिवारी. फाटकात नाना उभा, कुठे गेला होतास विचारायला.

“कथा गयथा रे? बठ्ठा पोरं वाट देखी ऱ्हायंतात. मंग सरनीच शिकाडं.” आणि हळूच, “पन रजिस्टरमां तुनं नाव लिखेल शे.”

मी आधी ऑफिसात जाऊन ते नाव पाहिलं. तुमचं वळणदार अक्षर, माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तेवढ्यात प्राचार्यांनी आत बोलावलं. तुम्ही खिडकीशी उभे होतात, पाठ आमच्याकडे. प्राचार्य तसे वाईट बोलले नाहीत. म्हणाले, “गुरुवारचा तास कोणी घेतला? सरांनी घेतला असेल तर ही लिहिण्यातली चूक, खोडून टाकू, विषय संपला. तू घेतला असशील तर हा वर्ग मला बंद करावा लागेल.”

मी म्हणालो, “मी घेतला.”

तुम्ही वळला नाहीत. खोली गेली, वर्ग गेला, तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि जूनमध्ये तुम्ही जळगावच्या कॉलेजात निघून गेलात. आपण होऊन की पाठवलं म्हणून, देव जाणे. तिथेच तुम्ही वारलात. मला ते पहूरच्या स्टँडवर कळलं, दोन महिन्यांनी, त्या रुमालवाल्याकडून. तो आता दुकान बघतो. तो म्हणाला, “त्या गुरुवारी सर असे बोलले की मिरची न आणताच वर्ग शिंकायला लागला. तू कुठे होतास, मास्तर?” मी हसलो आणि मिळेल ती गाडी धरली.

आता इतकी वर्षं मी एकच गोष्ट उलटीपालटी करतोय. मी वर्गात नाही हे माहीत असून तुम्ही माझं नाव का लिहिलंत? दिलेला शब्द पाळायला, की वर्गाचं लचांड गळ्यातून काढायला, की मी त्या नावाचं काय करतो ते बघायला? दर वेळी तुमच्यावर काही ना काही शाबीत करत आणतो आणि शेवटी प्राचार्यांच्या टेबलापुढे येऊन थांबतो. तिथे तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. बोललो होतो मी.

हे कुठे पाठवणार? राहील माझ्या फिरतीच्या पिशवीत, त्या पेटीपाशी. खडू अजून तितकेच आहेत. आणि गुरुवारी तुम्ही काय शिकवलंत ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही, कारण विचारायचं तर आधी मी तिथे नव्हतो असं म्हणावं लागेल.