सुतारी गोंद

श्टाइनबाख, १२ फेब्रुवारी

प्रिय लोथर,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. त्या सभेला दोन महिने होतील. मध्ये गुडघा धरला होता, मग बर्फ पडलं. खरं म्हणजे तीनदा कागद घेऊन बसलो आणि तीनदा उठलो. आठवीपर्यंत शिकलेला माणूस मी, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. तुझी तब्येत बरी असावी. परवा तू पाववाल्याच्या रांगेत दिसलास आणि मी दारातूनच मागे फिरलो. तू पाहिलंस की काय, या घोरात मला जेवण गेलं नाही.

क्लबची बातमी अशी की तू क्लब सोडून गेल्यावरही आपल्या फळीवरच्या छोट्या रेल्वेचा आवाज कमी झालेला नाही. पाद्रीणबाई पुन्हा चर्चमधून खाली तळघरात आल्या होत्या. म्हणाल्या, "वर आम्ही प्रार्थनेला डोळे मिटतो आणि खालून मालगाडी निघते. आजोबा, ईस्टरच्या आत हे थांबलं नाही, तर ही खोली रिकामी करा."

गुंथर म्हणाला, "बाई, आमची गाडी निदान वेळेवर तरी असते." त्या हसल्या नाहीत.

त्या गेल्यावर गुंथर मला म्हणाला, "काय रे वीलांड, लोथर गेला, त्याच्या इंजिनाची लोखंडी चाकं गेली. मग आता वाजतंय काय?" मी नाक शिंकरत बसलो.

मंगळवारी सकाळी एकटाच होतो. बोगद्यापलीकडे नळ गळून रुळांमधली खडी सुटी झाली आहे. इंजिन तिथे पोचलं आणि एकदम गप्प. मला वाटलं, कानातलं यंत्र बंद पडलं. सेल बदलला, पुन्हा फिरवलं. सुट्या खडीवर गप्प, आणि चिकटलेल्या खडीवर आलं की सगळी फळी ढोलासारखी.

ती खडी मी चिकटवली होती. तू म्हणाला होतास, खाली आवाज गिळायला बुचाचे पट्टे घातलेत, तर वर वाळल्यावरही मऊ राहील असाच गोंद लाव. मी सुतारी गोंद ओतला, पक्कं बसावं म्हणून. त्याचा दगड झाला आणि बूच असून नसल्यासारखं झालं.

मला शंका आधीच आली होती. त्या सभेच्या आधी, लोथर. तरी सगळ्यांसमोर तुझ्या इंजिनाकडे बोट दाखवून म्हणालो, "हे भंगार घरी ने." तुझ्या इर्मगार्डने तिच्या शेवटच्या नाताळात तुला दिलेलं ते इंजिन. मला ठाऊक होतं.

आता चमच्याने खरवडतो आहे. दिवसाला वीतभर होतं. मदतीला बोलावतोय असं समजू नकोस. पुढच्या शुक्रवारी सभा आहे, तिथे उभा राहून मी हे सगळं सांगणार. पण ज्याला बोललो तोच समोर नसेल, तर नुसत्या खुर्च्यांना सांगितल्यासारखं होईल.

येणार नसशील तर तसं लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल. फक्त गुरुवारच्या टपालापर्यंत काहीतरी येऊ दे.

तुझा (अजून म्हणू देत असशील तर)
वीलांड