रिसायकल बिन रिकामा करू नकोस

दादा,

लॅपटॉप उघडलास की सवयीने रिसायकल बिन रिकामा करू नकोस. तू फोन उचलत नाहीस, पासवर्ड देत नाहीस, म्हणून चिठ्ठी झाकणावरच चिकटवलीय.

आईच्या विणकामाचं वेबपेज तू सेव्ह केलंस खरं, पण त्या एचटीएमएल फाइलमध्ये नुसता मजकूर आहे. फोटो सोबतच्या फोल्डरमध्ये होते, आणि तोच तू अडगळ म्हणून उडवलास, तूच मेसेजमध्ये लिहिलंयस! तू पाठवलेली फाइल उघडली, तर आईच्या जागी रिकामी चौकट. वेबसाइट तर आता बंद झालीय. फोल्डर बिनमधून काढ आणि फाइलशेजारी ठेव.

बाबांना दवाखान्यातून आणायला जातेय. आल्या आल्या ते तिला बघायला मागतील.

आई गेल्यावर तिचं कपाटही तू असंच आवरलंस. तेव्हा मी गप्प बसले होते.

– धाकटी