धूळ वगळून

सर, आज सकाळपासून मला किळस येते आहे आणि ती कोणाजवळ बोलावी हे सुचत नाही. घर्षण, झीज आणि वंगण हा विषय तुम्ही आम्हाला साकोलीच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवलात, तोच मी आता भंडाऱ्याच्या एका कॉलेजात शिकवतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला थोडं थांबावं लागतं. बोलणी मात्र लगेच आठवतात.

पवनीच्या राईस मिलमधला तो दिवस. धान नुकतंच निघालेलं, हवेत तुसाची इतकी धूळ की समोरचा माणूस पिवळा दिसतो. मिल थांबवून एक बेअरिंग उघडलेलं आहे. तुम्ही प्लास्टिकमध्ये तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे आहात आणि मला आतलं ग्रीस बोटावर घ्यायला सांगता. मी घेतो. काळं, गरम, कचकचणारं. मला घाण वाटते आणि मी बोट रुमालाला पुसतो. तुमचा घोटणारा हात थांबतो. "काहून पुसलं बे? जे पाहाले आलो तेच पुसून टाकलं तुनं. आता काय तुह्या रुमालाले विचारू?" सगळी बॅच हसली. मिलवाला मध्ये पडला, "बेअरिंग गरम झाली का वरून ग्रीस मारतो ना, सर." तुम्ही त्यालाही सोडलं नाही. "अन् डब्याचं झाकण कुठं हाय? धूळ डब्यात, डब्यातून बेअरिंगमधी. ग्रीस नाही, घासून काढणारा पालिशचा मसाला चारून राहिले तुम्ही तिले." त्याने झाकण शोधल्यासारखं केलं आणि दुसऱ्या कामाला लागला. परतताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, तुसात वाळूचाच घटक असतो, मग ही धूळ पोटात घेऊनही टिकेल असं ग्रीस कोणतं? उत्तर तुम्हालाही माहीत नव्हतं आणि ते तुम्ही सरळ सांगून टाकलंत. मला तुम्ही त्या दिवशी फार आवडलात.

या विषयात पुढे कशावर संशोधन व्हावं हे ठरवणाऱ्या एका समितीवर गेल्या वर्षी मला घेतलं. मी तुमचा प्रश्न मांडला, त्याला चिखल्याच्या खाणीतली मँगनीजची धूळ जोडली. अध्यक्ष काजू खात होते. खाता खाता म्हणाले, हा मेंटेनन्सचा प्रश्न आहे, संशोधनाचा नाही. दुसरे एक म्हणाले, धूळ आली की निष्कर्ष एकसारखे येत नाहीत आणि पेपर कोणी छापत नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या. मग यादीत काय आलं? उपग्रहांसाठी वंगण, नॅनो कण, डोळ्यांना न दिसणारे लेप. हे विषय वाईट नाहीत, सर, तेही कोणीतरी करायलाच हवेत. मला किळस येते ती समितीच्या लबाडीची. काय छापून येईल ते आधी पाहायचं आणि मग त्यालाच देशाची गरज म्हणायचं. चहाच्या वेळी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, धूळ वगळा, नॅनो टाका, झीज मोजायचं मशीन तुमच्याच कॉलेजला देऊ.

मी धूळ वगळली.

मशीन आलं. त्याला काचेची खोली, एसी, चपला बाहेर. घासून पाहायचा प्रत्येक तुकडा आम्ही आधी धुऊन, सुकवून लख्ख करतो. आज सकाळी पवनीकडचा एक मिलवाला आला, पोत्यात जाम झालेलं बेअरिंग घेऊन. "कॉलेजात घिसाई पाहाची मशीन आली म्हणते. एवढं पाहून द्या, सर. दर सीझनले जाम होऊन राहिलं. या बारीले पट्टा तुटला अन् माह्या भावाच्या हातावर बसला. आता बोटं वळत नाही त्याचे." बोलता बोलता तो पोतं घेऊन आत यायला निघाला. मी पटकन पुढे होऊन दार ओढून घेतलं. "आत नका आणू, धुळीनं मशीन खराब होते."

तो काचेतून मशीनकडे पाहत राहिला. "मंग कायले आणली ही मशीन?" त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. हिचं काम वेगळं आहे, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि नमस्कार करून गेला.

समितीला शिव्या घालायच्या म्हणून लिहायला बसलो होतो. पण दार तर मीच लावलं. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, पत्ता असता तरी मी टाकलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, दे परत ते मशीन. आणि मी देणार नाही. तो माणूस गेल्यावर त्याच्या पोत्यातून दाराशी सांडलेली धूळ मी स्वतः झाडून काढली, आत गेलो आणि मशीन सुरू केलं. फार सुरेख चालतं, सर. मला ते हवंच होतं.