छबुबाईचा लाल, बायनाबाईचा निळा

घाटनांदूर
ता. ३० ऑगस्ट २००३

चि. शिवकन्या हिला आज्जीचा आशीर्वाद.

मी बरी हाय. गुडघे दुखायचं काम इमानदारीनं करत्यात. पावसाचं लिहून कागद नासत न्हाई.

तुझं पत्र दूध संस्थेतल्या बद्रीनाथनं संस्थेच्या पायरीवर आणून दिलं. संस्थेत आता दूध कमी अन् बायका जास्त, म्हणून तिथं उघडलं न्हाई. घरी येऊन वाचलं. मग परत वाचलं, कारण पहिल्यांदा रागात निम्मं कळलंच न्हाई.

तुझ्या मैत्रिणींनी आपले वापरलेले रंग, निम्म्या पिळलेल्या नळ्या, केस झडलेले ब्रश एका डब्यात भरून होस्टेलात तुझ्या खाटेवर ठेवले. तू डबा तसाच परत केलास. वर म्हणालीस, मी मुक्ताबाईची नात हाय, आमी कुणाचं उष्टं घेत न्हाई. आता रंग न्हाईत म्हणून वर्गात जात न्हाईस, अन् चित्राचं शिक्षण सोडून गावाकडं यायचं म्हणतीस.

माझं नाव घ्यायच्या आधी मला विचारलंस का?

आपल्याकडं शेजारणीचं भांडं आलं तर ते रिकामं परत जात न्हाई. चिमूटभर साखर तरी टाकून देतो. तू त्यांचंच त्यांना भरलेलं परत दिलंस. ह्याला माणुसकी तोडणं म्हणत्यात. अन् इथं येऊन काय करणार? रिकामं बसायला मी हाय, दोघींचं काम न्हाई.

तू विचारलंस, पोळ्याला आपल्या पाखऱ्याच्या शिंगांना कोणता रंग दिला. सांगते.

मी काहीच आणलं नव्हतं. गेरूचे चार ठिपके देऊन भागवणार होते. सकाळी छबुबाई आली, हातात लाल रंगाचा डबा, मागच्या सालचा उरलेला. मी म्हणलं, "हे कावून आणलंस?" तर म्हणते, "आमच्या दावणीला यंदा नुसती दोरी हाय. कुणाची शिंगं रंगवू, मालकाची?" तेवढ्यात बायनाबाई निळा घेऊन आली. "लाल नको गं, म्हातारा बैल हाय, नवरदेव न्हाई." छबुबाई म्हणे, "तुझ्या निळ्यानं तर रॉकेलचं पिंप दिसंल." दोघी भांडल्या. एकीनं एक शिंग धरलं, दुसरीनं दुसरं. पाखऱ्या मारुतीला गेला तो एक शिंग लाल अन् एक निळं घेऊन. गाव हसलं. बायना बी हसली, अन् हसता हसता त्याच्या गळ्याला धरून राहिली, सोडीना. तिचा बैल अन् आपला पाखऱ्या, दोघांची मिळून जोड होती ना. मी म्हणलं, "सोड गं, रंग वला हाय, पदर खराब होईल."

आता तुला वाटंल, आज्जीनं लोकांचा रंग कसा घेतला. रंगाचं काय घेऊन बसलीस?

उन्हाळ्यात तुला लिहिलं होतं, काळजी करू नको, चारा हाय. होता. छबुबाईचा होता. तिची जोडी बाजारात गेली, कडब्याची गंजी मागं राहिली. विकली असती तर लोक दारात येऊन घेऊन गेले असते. तिनं विकली न्हाई. बायना आपल्या टँकरच्या पाण्यातली अर्धी घागर पाखऱ्यापुढं वतायची, अन् वर मलाच शिव्या द्यायची, म्हातारे, बैल पाळतीस का हत्ती. त्या दोघींचे बैल गेले अन् माझा राहिला, तो असा राहिला. हे तुला लिहायचं नव्हतं. तूच लिहायला लावलंस.

तवा ज्या ताठ्यावर तू डबा परत केलास, तो ताठा घरात शिल्लक न्हाई. नसलेल्या वस्तूवर ऐट करू नये.

बद्रीनाथ संस्थेच्या कामानं औरंगाबादला येतोय. त्याच्यासंगं दोन्ही डबे पाठवते, तळाला रंग हाय. तो म्हणतो, हा कागदावर चालत न्हाई, तेल पसरतं. न चालू दे. पत्र्यावर चालंल, लाकडावर चालंल. बायनाच्या निळ्यावर साय धरलीय, काडीनं काढून टाक, खाली चांगला हाय. हे डबे त्या पोरींना दे. म्हणावं, आमचं बी वापरलेलंच हाय. अन् त्यांचा डबा मागून घे. सोमवारी वर्गात बस.

मागू कसं, म्हणशील. मला बी येत नव्हतं. छबुबाईच्या दारात जाऊन उभी राहिले, अन् तोंडातून निघालं, "छबे, विळा हाय का गं?" शिवारात कापायला गवताची काडी नव्हती. ती म्हणाली, "विळा कशाला लागतो? गंजी मोकळी हाय, वढून घे."

तू बी असंच काहीतरी भलतं माग. मैत्रिणी असतील तर त्यांना कळंल.

तुझी आज्जी,
छबुबाई अन् बायनाबाईची शेजारीण,
मुक्ताबाई