हिरव्यांच्या विरुद्ध बोललेला नवस

१५ डिसें., सोमवार. अहमदपूर
आज सकाळी निरांजन लावलं आणि हात जोडायच्या आधीच अश्विनीला अमेरिकेत फोन लावला. बिझी. पाऊण तास बिझी. शेवटी तिचा मेसेज: "पप्पांशी मॅचचं बोलत होते बाबा. जेवलात का?" सकाळी सात वाजता जेवण!
पप्पा म्हणजे तिचे सासरे, नांदेडचे. लेकाकडं सहा महिने राहून आले आणि तिथला फुटबॉल शिकून आले. पोरीच्या गावचा संघ हिरवा, शेजारच्या राज्याचा जांभळा. वैर जुनं, दोन गावच्या तालमींसारखं. दर सोमवारी सासरा-सून तासभर त्यावरच. मला विचारते ती बीपीची गोळी.

२२ डिसें.
शाळेच्या टाचण वहीच्या मागच्या पानावर खेळाचे नियम उतरवले. चार प्रयत्नांत दहा यार्ड, नाही तर चेंडू दुसऱ्याला. नाव फुटबॉल, पाय क्वचितच लागतो. मुख्याध्यापकांनी न बघताच त्या पानावर सही ठोकली.
अश्विनीला इतक्यात सांगायचं नाही. आधी नियम पक्के होऊ देत.

२८ डिसें., रविवार
नांदेड. व्याह्यांच्या पुतणीचा साखरपुडा. व्याही चार जणांत उभं राहून जुनी मॅच सांगत होते. बर्फ पडतोय, नऊ सेकंद उरलेत, हिरव्यांनी लांब फेकला, जांभळ्यांच्या दोघांच्या डोक्यावरून झेल. हातातल्या पेढ्याचाच चेंडू.
मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला न्हाई समजायचं. तुमची कबड्डीच बरी."
लोक हसले. मीही हसलो.
ती मॅच मी मोबाईलवर तीनदा बघितलीय. झेल एकाच्याच डोक्यावरून होता. 

१२ जाने., सोमवार
बाद फेरी. हिरवे-जांभळे. पोरगी आणि जावई प्रत्यक्ष मैदानात. तिथून व्हिडिओ कॉल कुणाला? व्याह्यांच्या स्टेटसला फोटो: हिरवी टोपी, थंडीनं लाल झालेलं नाक. खाली लिहिलंय, 'माझी लेक'.
माझी!
मोबाईल देव्हाऱ्याला टेकवून बघत बसलो. शेवटचे चार सेकंद. हिरवे दोन गुणांनी मागं. लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून गेला की तीन गुण, म्हणजे जिंकले. तोंडातून निघून गेलं, "आई रेणुके, आत जाऊ देऊ नको. माहूरला येऊन तांबूल वाहीन."
चेंडू खांबाला लागून बाहेर.
ही चहा घेऊन आली. "काय झालं वो? असं का बसून राहिला?"
मोबाईल पालथा ठेवला, कप घेतला.

१३ जाने.
पोरगी आईला म्हणाली, गाडीपर्यंत रडतच गेले. वर्षभर वाट बघितली होती. ही म्हणते, "खेळच तर हाय."
सासऱ्याचं तोंड पाडायला गेलो, पडलं लेकीचं. चेंडू माझ्यामुळं अडला नसेल. पण मागितलं मीच ना.
आणि नवस फेडावा तर लागणारच. रेणुकाआईपुढं कोणत्या तोंडानं…

१८ जाने., रविवार
पहाटेच्या एसटीनं माहूर. तांबूल वाहिलं. मागितली ती फक्त माफी. परत येताना नांदेडला उतरलो. व्याह्यांच्या हातावर प्रसादाचं तांबूल ठेवलं आणि नवस कशाचा होता तेही सांगितलं.
चघळता चघळता थांबले. "म्हणजे आमची मॅच तुम्ही घालवली व्हय, गुरुजी?" मग तांबूल गिळून, "पोरीला सांगितलं का?"
"न्हाई."
त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला आणि माझ्या हातात दिला.
"हां पप्पा, बोला ना!" काय तो आवाज. मला असा कधी…
"पप्पा नाही. बाबा."
सांगून टाकलं सगळं. देव्हारा, चार सेकंद, नवस. वारा डावीकडून होता, तेही.
 मग, "बाबा, तुम्ही मॅच बघता? कधीपासून?" रागावलीय की काय, आवाजावरून कळेना.
व्याह्यांनी फोनसाठी हात पुढं केला. दिला नाही.