लाल पट्ट्याचा बॉल

मंगळवार, १४ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. खोलीतला नळ दुरुस्त झाला. प्रयोगशाळेत वार्षिक तपासणी चालू आहे. तुमची खुशाली विचारत नाही, कारण तुम्ही ‘एकदम उत्तम’ असंच सांगाल, आणि ते उत्तर मला नको आहे.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते आहे; पत्र आज रात्रीच घरच्या टपालपेटीत टाकते. अक्षर मोठं काढलं आहे, पेनही जाड घेतलं आहे. हे पत्र आईला वाचायला देऊ नका. स्वतः वाचा.

आधी रविवारच्या गोल्फ स्पर्धेत काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. आपल्या गटात तुम्ही, वकीलकाका आणि मी असे तिघे होतो. तुमच्या फटक्यांची नोंद ठेवायचं काम, म्हणजे मार्करचं काम, माझ्याकडे आलं होतं.

२. सुरुवातीला तिघांनी आपापला बॉल एकमेकांना दाखवला. तुमच्या बॉलवर निळा त्रिकोण होता.

३. पंधराव्या होलला तुमचा पहिला फटका उजवीकडच्या उंच गवतात गेला. शोधायला नियमाप्रमाणे तीन मिनिटं मिळतात. ती संपण्याआधी तुम्ही ‘सापडला’ म्हणालात, वाकून पाहिलंत, ‘माझाच’ म्हणालात आणि फटका मारलात. मी आणि वकीलकाका तेव्हा लांब, झुडपांपाशी शोधत होतो.

४. बॉल ग्रीनच्या, भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, कडेला आला. तिथून तुम्ही हलका फटका मारलात आणि तो सरळ भोकात गेला. मी वाळूच्या खड्ड्यात अडकले होते, तिथूनच टाळ्या वाजवल्या. बॉल तुम्हीच काढून खिशात टाकलात.

५. तोच बॉल घेऊन तुम्ही सोळावा होल सुरू केलात.

६. सोळाव्याच्या ग्रीनवर वकीलकाका म्हणाले, “डॉक्टर, हा सरावाच्या मैदानातला बॉल कुठून ढापलात? स्पर्धा आहे हो, शिकवणी नाही!” बॉलच्या पोटाभोवती बोटभर रुंदीचा लाल पट्टा होता.

७. चुकीचा बॉल खेळला गेला तर पुढचा होल सुरू करण्याआधी चूक सुधारावी लागते, नाहीतर खेळाडू बाद. तुम्ही बाद झालात.

८. समितीने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “बॉल माझा नाही हे मला माहीत होतं. मी जाणूनबुजून खेळलो.”

पहिल्या सात मुद्द्यांना मी साक्षीदार आहे. आठवा खोटा आहे.

नकळत चुकीचा बॉल खेळणारा बाद होतो, पण त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. हसतात, चहा पाजतात, पुढच्या वर्षीपर्यंत चिडवतात. जाणूनबुजून खेळला तर शिस्त समिती, दोन वर्षांची बंदी आणि सूचनाफलकावर नाव. हा नियम ज्यांनी लिहिला ते तुम्हीच. काही वर्षांपूर्वी क्लबातल्या बिस्किटवाल्या शेठनी गवतात बॉल पायाने जरासा सरकवला तेव्हा तुम्ही त्यांना घरी पाठवलंत. ते गयावया करत होते, आणि तुम्ही म्हणालात, “शेठ, बॉल पडला तिथून खेळायचा. एवढंच तर मागतो हा खेळ.” आता तेच बिस्किटवाले शनिवारच्या चौकशीत तुमच्यासमोर बसणार आहेत, समितीचे सदस्य म्हणून.

काल त्यांचाच फोन आला होता. मला वाटलं, टोमणे मारतील. ते म्हणाले, “ताई, तुमचे बाबा लबाडी करणारे नाहीत. मी लबाडी केलेली आहे, मला कळतं. लबाडी करणारा माणूस लाल पट्ट्याचा बॉल कशाला निवडेल?”

मी आभार मानून फोन ठेवला. पण गणित तेच आहे. तुमच्या पिशवीत त्रिकोणाचे आणखी बॉल होते. फसवायचंच असतं तर त्यातला एक गवतात हळूच टाकता आला असता. दहा पावलांवरून कुणालाही ओळखू येईल असा बॉल घेऊन पुढे दीड होल कोण चालेल? ज्याला तो पट्टा दिसत नाही, तोच.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तुमचे डोळे, बाबा.

वकीलकाकांच्या विनोदानंतर तुम्ही बॉल हातात घेतलात. मी शेजारी उभी होते. तुम्ही तो समोर धरला नाहीत. कानाच्या बाजूला धरलात आणि मान वळवून तिरकं पाहिलंत, समोरून दिसत नाही पण कडेने दिसतं तसं. मग तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते पकडलं गेल्याचं नव्हतं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं होतं.

त्यानंतर मागचं वर्षभर आठवत बसले. “नजर ठेव गं, कुठे पडतोय बघ,” हे तुम्ही प्रत्येक फटक्याला म्हणता. पूर्वी कधी म्हणत नव्हता. चहा कपाच्या कडेवरून बशीत जातो. जिन्यात शेजारच्या आजोबांना तुम्ही ओळखलं नाहीत आणि नंतर म्हणालात, विचारात होतो. आईला हे सगळं गमतीचं वाटतं. परवा मला सांगत होती, “हल्ली पेपर मला मोठ्याने वाचायला लावतात. म्हणतात, तुझा आवाज ऐकायला बरं वाटतं. इतकी वर्षं कुठे गेला होता हा कौतुकाचा झरा, देव जाणे!” ती हसत होती. तिला खरंच माहीत नाही, असं मला वाटतं. तुम्ही तिलाही सांगितलेलं नाही.

रविवारी गाडीपाशी तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. “तू चालव.” त्या गाडीला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. मी शिकत होते तेव्हासुद्धा दिली नव्हती. वाटेत तुम्ही म्हणालात, “तू काही बोलणार नाहीस.”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलच.”

“मार्कर म्हणून विचारलं तर जे पाहिलं ते सांगावं लागेल.”

“तू माझी मुलगी आहेस.”

“आज दोन्ही आहे,” मी म्हणाले.

मग घर येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. निदान मान तरी तिकडे होती.

मला आधी कळेना की माणूस न केलेली लबाडी कबूल का करेल. तेही तुम्ही. मी सात वर्षांची असताना एका स्पर्धेत तुम्ही फटका मारायला उभे राहिलात आणि तुमच्या काठीने बॉल केसभर हलला. तुम्ही स्वतःच एक फटका वाढवून घेतलात आणि त्याच एका फटक्याने हरलात. मी रडले होते. म्हणाले, कुणी पाहिलंच नव्हतं ना! तुम्ही म्हणालात, “मी पाहिलं ना.”

असा माणूस समितीसमोर उभा राहून स्वतःला लबाड म्हणवून घेतो. म्हणजे लबाडीपेक्षाही मोठं काहीतरी झाकायचं आहे. लबाड ठरलात तर खेळ जाईल, समिती जाईल, क्लबात लोक पाठ फिरवतील. दिसत नाही हे कळलं तर शस्त्रक्रियेची खोली जाईल. तुम्ही दोन्ही तोलून पाहिलंत आणि आपली अब्रू देऊन टाकलीत. मी तुमच्या जागी असते तर मीही कदाचित हाच हिशेब केला असता. म्हणून तर मला तो इतक्या लवकर कळला.

पण त्या हिशेबात एक माणूस धरलेला नाही. तो सुतार.

मागच्या आठवड्यात जेवताना तुम्हीच सांगितलंत. करवतीने अंगठा कापला गेला, जखम भरली पण अंगठ्याला स्पर्श कळत नाही, आतली नस जोडायची आहे. येत्या सोमवारी. तुम्ही म्हणालात की सुतार अंगठ्याने लाकूड वाचतो. तुम्ही किती आनंदाने सांगत होता. नस सुतळीसारखी नसते, केसासारखे धागे असतात, मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली टाके घालायचे, हेही सांगितलंत. तेव्हा मी वरण वाढून घेत होते आणि ऐकत होते. आता तेच वाक्य मला झोपू देत नाही. भिंगाखाली लाल पट्टा दिसेल कदाचित. कदाचित तुमचे हात डोळ्यांशिवायही करतील. पंधराव्यावरचा तो शेवटचा फटका काय सुंदर होता, मला अजून आठवतो. पण ‘कदाचित’ या शब्दावर तुम्ही मला कधी फटका मारू दिला नाहीत.

माझं काम तुम्हाला कंटाळवाणं वाटतं. “दिवसभर काटे तपासायचे!” असं तुम्ही पाहुण्यांना सांगता. तर ऐका, आमच्याकडे काय करतात. एखाद्या दवाखान्यातून वजनकाटा येतो आणि तो चुकीचं दाखवतो. काट्याला ते स्वतःला कळत नाही. आम्ही त्याला शिव्या घालत नाही, भंगारातही टाकत नाही. त्याच्यावर चिठ्ठी लावतो: तपासणी होईपर्यंत वापरू नये. पुष्कळ काटे दुरुस्त होऊन परत जातात. काही जात नाहीत. पण चिठ्ठी लावल्याशिवाय एकही जात नाही. त्यावर सही माझी असते.

मी काय केलं आहे ते सरळ सांगते, म्हणजे नंतर ‘पाठीमागून केलंस’ असं होणार नाही. तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची गुरुवारी दुपारची वेळ घेतली आहे, माझ्या नावाने. तुम्हाला तिथे कुणी ओळखत नाही. गाडी मी चालवीन. उपचार असेल तर तो जितका लवकर तितका बरा, एवढं मलाही कळतं. समितीने मार्कर म्हणून माझं लेखी म्हणणं शनिवारी सकाळी मागितलं आहे. ते अजून लिहिलेलं नाही.

तुम्ही स्वतः सांगितलंत तर त्यात मी फक्त पहिले सात मुद्दे लिहीन. सुताराला तुम्ही दुसऱ्या सर्जनकडे पाठवायचं, रुग्णालयाच्या प्रमुखांशी तुम्ही बोलायचं, आईला तुम्ही सांगायचं. मला मध्ये यायचं नाही. मला ते जमतही नाही.

तुम्ही काहीच केलं नाहीत तर शनिवारी मी आठवा मुद्दा खोटा का, ते कारणासकट लिहीन, आणि तिथून रुग्णालयात जाईन. तुम्ही मला घरात घेणार नाही, हे धरून चालले आहे. आई मध्ये सापडेल. तेही धरलं आहे. फक्त एक गोष्ट मला धरता येत नाही. त्यानंतर प्रत्येक फटक्याला “नजर ठेव गं” कोण म्हणणार. मी तुमच्याशिवाय कधी खेळलेच नाही, बाबा.

कुणी पाहिलं नाही असं समजू नका. मी पाहिलं.

उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मिळावं. गुरुवारी यायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत फोनवर नुसतं ‘हो’ म्हणा, दुसरं काही विचारणार नाही. न यायचं असेल तर लिहून कळवा. स्वतःच्या हाताने.

तुमची मुलगी,
आणि रविवारची मार्कर